देवराष्ट्र्याची गाडी आणि आमची विशेषणे

२०२२ सालच्या पहिल्या दोन महिन्यांत दोन मोटारगाड्यांची छायाचित्रे वृत्तपत्रांतून आणि भ्रमणध्वनींच्या पडद्यांवरून मोठ्या कौतुकाने फिरली. पहिली जानेवारीतली. सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यात देवराष्ट्रे हे गाव आहे. तेथील दत्तात्रय लोहार यांनी मुलाच्या हौसेखातर भंगारातले सुटे भाग जमवून, सुमारे साठ हजार रुपयांत, एक छोटी जीप घडवली होती. ती जीप महिंद्रा उद्योगसमूहाचे प्रमुख आनंद महिंद्रा यांनी आपल्या कंपनीच्या संग्रहासाठी घेतली आणि बदल्यात लोहारांना नवी कोरी बोलेरो दिली. दुसरी गाडी फेब्रुवारीतली. टाटा उद्योगसमूहाचे रतन टाटा यांच्यासाठी इलेक्ट्रा ईव्ही या कंपनीने एक नॅनो विजेवर चालेल अशी करून दिली. ही कंपनी मुळात टाटांनीच स्थापलेली. नॅनोचे उत्पादन तोवर बंद पडून काही वर्षे लोटली होती. म्हणजे ती गाडीही पेढीवर जाऊन विकत घेता येईल अशी नव्हती.

वाचकांनी या दोन वस्तू क्षणभर शेजारी ठेवून पाहाव्यात. दोन्ही लहान. दोन्ही एकुलत्या एक. दोन्ही कोणा एका माणसाच्या इच्छेसाठी, बाजाराच्या रीतीबाहेर जाऊन बनवलेल्या. दोहोंतही आधी अस्तित्वात असलेल्या गाड्यांचे अवयव नव्या कामाला लावलेले. आता त्यांच्याविषयी जे लिहिले गेले ते आठवावे. एकीच्या वाट्याला साधेपणा, दूरदृष्टी, पर्यावरणाची जाण ही विशेषणे आली. दुसरीच्या वाट्याला ‘जुगाड’ आले, ‘देशी’ आले, ‘भन्नाट’ आले, आणि शिवाय कर्त्याचे शिक्षण किती कमी याचा हिशेब आला. टाटांच्या गाडीचे कौतुक करताना तिच्या जुळणीदारांपैकी कोण कितवी शिकला होता हे कोणी विचारले नाही.

आमचे भांडण टाटांशी नाही. ते २०२४ साली निवर्तले, आणि आयुष्यभर मोटारींवर मनापासून प्रेम करणाऱ्या माणसाने उतारवयात एक छोटी गाडी स्वतःपुरती करून घेतली यात आक्षेप घेण्यासारखे काही नाही. महिंद्रांशीही नाही. त्यांनी दिलेली बोलेरो हे खरेखुरे वाहन होते आणि ते एका कष्टाळू कुटुंबाला मिळाले. भांडण आहे ते विशेषणांशी. विशेषणे हा आम्हा साहित्यवाल्यांचा धंदा आहे. ती आम्हीच शिकवतो, आम्हीच शिकतो, आम्हीच समाजाला पुरवतो. तेव्हा या मालातली खोट काढण्याचा अधिकारही आमचाच असावा.

मोटार कंपन्यांच्या धन्यांनी आणि वरिष्ठांनी स्वतःसाठी खास गाड्या घडवून घ्याव्यात ही या धंद्याइतकीच जुनी हौस आहे. फोर्ड कंपनीचे अध्यक्ष एडसेल फोर्ड यांनी १९३९ साली फ्लोरिडातील सुटीसाठी बॉब ग्रेगरी या आपल्या रेखाकाराकडून एक लांबसडक, उघड्या टपाची गाडी करवून घेतली. पाम बीचच्या धनिकांना ती आवडली, मागणी आली, आणि तीच पुढे लिंकन कॉन्टिनेंटल या नावाने बाजारात उतरली. जनरल मोटर्सच्या रेखन विभागाचे प्रमुख हार्ली अर्ल यांनी १९३८ साली बुइक वाय-जॉब ही गाडी बनवून घेतली. ती विकायची नव्हतीच, अर्लसाहेब तीच कित्येक वर्षे स्वतः चालवीत राहिले. अ‍ॅस्टन मार्टिनचे मालक डेव्हिड ब्राऊन यांची आद्याक्षरे ज्या डीबी५ ला मिळाली तिच्यात त्यांचे कुत्रे मावेनात. मग १९६५ च्या सुमारास कारखान्यातल्या माणसांनी त्या गाडीचे मागचे अंग कापून, टप लांबवून साहेबांच्या कुत्र्यांची सोय केली. १९६९ साली फेरी पोर्शे यांच्या साठाव्या वाढदिवसाला कंपनीने त्यांना ९१४ जातीची, पण आठ सिलिंडरांच्या इंजिनाची रुपेरी गाडी भेट दिली. तिची एकच बहीण, नारिंगी रंगाची, ती त्यांचे भाचे फर्डिनांड पीएख यांच्याकडे. आणि फियाटचे जानी आन्येली यांच्यासाठी १९८६ साली फेरारीने टेस्टारोसाची उघड्या टपाची एकमेव अधिकृत आवृत्ती केली. तिचा रंग चांदीचा, कारण चांदीची रासायनिक संज्ञा ‘एजी’, आणि आन्येली या नावाची पहिली दोन रोमन अक्षरेही तीच. श्लेषाची एवढी महाग हौस संस्कृत पंडितांनाही परवडली नसती.

या साऱ्या गाड्या आज संग्रहालयांत, लिलावांत आणि जाडजूड सचित्र ग्रंथांत मानाने नांदतात, आणि नांदाव्यात. त्यांतल्या काही खरोखर सुंदर आहेत. आम्हाला खटकते ते षष्ठी विभक्तीचे प्रकरण. ही ‘आन्येलींची’ फेरारी, ती ‘ब्राऊन यांची’ अ‍ॅस्टन मार्टिन. ज्याने मागितली त्याची. फार तर रेखाकाराचे नाव येते. ज्याने पत्रा ठोकला, ज्याने कापलेला टप पुन्हा जोडताना पाऊस आत येणार नाही याची काळजी घेतली, त्याचे नाव त्या षष्ठीत कधीच शिरत नाही. आपल्याकडे गाथासप्तशती ‘हालाची’ असते, तसेच हे. त्या सातशेंपैकी बहुतेक गाथा हालाने रचल्या नाहीत, गोळा केल्या, हे प्रत्येक पदवी वर्गात सांगितले जाते. प्रश्नपत्रिकेत मात्र ती हालाचीच राहते.

याच्या उलट उदाहरण शोधायला सांगलीबाहेर जावे लागत नाही. १८४३ साली सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांनी कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचा खेळ पाहिला, असेच काही मराठीत व्हावे अशी इच्छा धरली आणि आपल्या पदरच्या विष्णुदास भाव्यांना ते काम सांगितले. ‘सीतास्वयंवर’ हे असे अक्षरशः मागणीवरून घडवलेले नाटक होते. धनी एक, प्रेक्षागार त्याच्या वाड्यातले, खर्च त्याचा, मर्जीही त्याची. पुढे १८५१ साली चिंतामणराव वारले, आश्रय आटला आणि भावे मंडळी घेऊन गावोगाव निघाले. १८५३ साली त्यांनी मुंबईत खेळ केले. आज रंगभूमी दिन साजरा करताना आपण ‘पटवर्धनांचे सीतास्वयंवर’ म्हणत नाही, भाव्यांचे म्हणतो. पटवर्धनांच्या वाट्याला आश्रयदात्याचा मान येतो, आणि तो रास्त आहे. भावे लाकडाच्या बाहुल्याही स्वतः घडवीत, हे या संदर्भात विसरू नये. म्हणजे मागणारा आणि घडवणारा यांच्यातला भेद आमच्या भाषेला कळत नाही असे मुळीच नाही. तो नाटकात कळतो. पत्र्यात आणि लोखंडात आला की कळेनासा होतो.

आणि देवराष्ट्र्याच्या गाडीत तर हा भेदच उरलेला नव्हता! मागणी घरातली, आराखडा डोक्यातला, हात स्वतःचे, खर्च स्वतःचा. एडसेल फोर्ड, बॉब ग्रेगरी आणि कारखान्यातला निनावी जुळारी ही तिन्ही माणसे तेथे एकाच देहात होती. वरची सारी यादी ज्या कर्तेपणाभोवती नुसती घुटमळते, तो कर्तेपणा येथे निखळ स्वरूपात हाती लागला होता, आणि आम्ही त्याला शब्द कोणता दिला? जुगाड.

हा शब्द आमच्याकडे उत्तरेतून आला. पंजाब, हरयाणा, उत्तर प्रदेशात शेतीपंपाचे डिझेल इंजिन लाकडी सांगाड्यावर बसवून केलेल्या गाडीलाच ‘जुगाड’ म्हणत. तेथे तो एका वस्तूचा पत्ता होता. पुढे व्यवस्थापनशास्त्राच्या पंडितांनी तो उचलला, २०१२ साली त्यावर इंग्रजीत एक गाजलेले पुस्तकही निघाले, आणि सभागृहांतून गरिबीचे तत्त्वज्ञान म्हणून तो शब्द परत आमच्याकडे आला. त्यात कौतुक आहे, पण ते वरून खाली पाहणारे कौतुक आहे. ‘जुगाड’ म्हटले की वस्तू तात्पुरती ठरते, कर्ता हुशार पण अनभिज्ञ ठरतो, आणि तिच्या आतल्या विचाराची चौकशी करण्याची गरज संपते. जोडणी कशी केली, वजन कोठे पेलले, सुकाणू डावीकडे का घेतले, दुचाकीसारखी पायाने लाथ मारून इंजिन चालू करण्याची सोय चारचाकीत कशी बसवली, हे प्रश्न ‘जुगाड’ या शब्दाच्या उंबऱ्यावरच अडतात.

मराठीत या कामासाठी शब्द नाहीत असे नाही. पण जे आहेत त्यांचे आम्ही काय करून ठेवले ते पाहण्याजोगे आहे. ‘बनावट’ म्हणजे मुळात वस्तूची घडण. आज बनावट म्हणजे खोटे, मग ती नोट असो वा सही. ‘बनवणे’ म्हणजे घडवणे, आणि ‘बनवले’ म्हणजे फसवले. ‘खटपटी’ माणूस आधी उद्योगी होता, आता त्याच्याकडे संशयाने पाहतात. हाताने काही करणाऱ्या माणसाविषयीचा अविश्वास भाषेत इतका मुरला आहे की तो आता जाणवतही नाही. ज्या गावगाड्यात लोहाराला वर्षाकाठी धान्याचे बलुते देऊन त्याच्या कौशल्याचा हिशेब मिटवला जात असे, त्याच गावगाड्याची ही भाषा आहे, एवढे म्हणून पुढे जाऊ.

‘कारागिरी’ या शब्दाचे पाप मात्र गावगाड्यावर ढकलता येणार नाही. ते आमचेच. कवितासंग्रहाचे परीक्षण लिहिताना ‘ही केवळ कारागिरी आहे’ असे एक वाक्य टाकले की कवीचा निकाल लागतो. कला वेगळी आणि कारागिरी वेगळी, कला अंतरीची आणि कारागिरी हातची, कलेला प्रतिभा लागते आणि कारागिरीला सराव, हे समीकरण आम्ही पिढ्यान्‌पिढ्या पाठ करून घेतले. ते शिकून बाहेर पडलेला विद्यार्थी उपसंपादक होतो आणि देवराष्ट्र्याची बातमी त्याच्या मेजावर येते. त्याने दुसरे काय लिहावे?

सांगली जिल्ह्याच्याच आणखी एका घडणाऱ्याचा दाखला येथे द्यायला हवा. वाळवे तालुक्यातील वाटेगावचे अण्णा भाऊ साठे. त्यांच्याविषयीचे कोणतेही भाषण उघडावे, ‘दीड दिवस शाळेत गेलेला’ हे पहिल्या पाच वाक्यांत येतेच. पुढे अस्सल अनुभव, जिवंत भाषा, दाहक वास्तव. सारे खरेच आहे. पण १९५९ साली आलेल्या ‘फकिरा’ची बांधणी कशी आहे, तमाशाच्या फडात शिकलेली गती कादंबरीत कोठे कामाला आली, प्रसंग कोठे तोडला आणि कोठे ताणला, ही चर्चा त्या मानाने किती विरळ! लेखक शिकलेला नसला की आम्ही त्याच्यापाशी अनुभव मागतो आणि रचना मात्र शिकलेल्यांसाठी राखून ठेवतो. दीड दिवसाच्या शाळेचा उल्लेख गौरवासाठी होतो असे सांगितले जाते. गौरवच करायचा असेल तर त्या माणसाने शाळेबाहेर काय काय शिकून घेतले याची यादी करावी. ती फार लांब होईल, म्हणून कोणी करत नाही.

आता आक्षेपांकडे. पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप सुरक्षिततेचा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२६ प्रमाणे वाहनाच्या निर्मात्याला आपल्या नमुन्याची तपासणी पुण्याच्या एआरएआयसारख्या अधिकृत संस्थेकडून करून घ्यावी लागते. ती नसेल तर नोंदणी नाही आणि नोंदणी नसेल तर रस्ता नाही. हा नियम योग्य आहे. ज्या रस्त्यावरून शाळेची मुले सायकलवर जातात त्या रस्त्यावर कोणीही काहीही चालवावे, असे आम्ही म्हणणार नाही. महिंद्रांनी डिसेंबर २०२१ मध्येच या अडचणीकडे बोट दाखवले होते आणि अधिकारी आज ना उद्या ही गाडी थांबवतील, तेव्हा बदल्यात बोलेरो घ्यावी, असे सुचवले होते. सुचवणे व्यवहार्य होते.

पण नियमाच्या पलीकडच्या बाजूला काय असते तेही पाहावे. मोठ्या कंपनीच्या अंगणात तयार झालेली एकुलती एक गाडीही जन्मतः नियमात बसत नाही. तिला बसवले जाते. त्यासाठी चाचणीचे मैदान असते, अभियंते असतात, नोंदणीपूर्वी गाडी रस्त्यावर काढता यावी म्हणून कायद्यानेच दिलेला व्यवसाय परवाना असतो, आणि हे सारे जमले नाही तर ती गाडी ‘संकल्पना’ म्हणून प्रदर्शनात फिरते. फेरी पोर्शे यांची वाढदिवसाची गाडी रीतसर रस्त्यावर धावली. त्यांना शुभेच्छांच्या जोडीला बदली गाडी देऊन ती कोणी काढून घेतली नाही. देवराष्ट्रे ते पुणे हे अंतर एका दिवसात जाऊन येण्यासारखे आहे. तरी एकट्या कारागिराला आपला एकच नमुना घेऊन तपासणीच्या दारात उभे राहता येईल, कोणता दोष आहे आणि तो कसा सुधारावा हे समजून घेता येईल, अशी परवडणारी वाट कोणी बांधलेली नाही. नियमाने धोका अडवला, हे उत्तम. शिकण्याची वाटही त्याच फाटकाने अडली, याबद्दल मात्र अग्रलेख निघाले नाहीत.

दुसरा आक्षेप असा की, ही जीप म्हणजे शेवटी नक्कल. खुद्द महिंद्रांनीही तिच्या समोरच्या जाळीचा तोंडवळा ओळखीचा असल्याचे मिस्कीलपणे म्हटले होते. तोंडवळा ओळखीचा होता खरा. पण तो महिंद्रांना तरी कोठून मिळाला? अमेरिकेच्या विलीज जीपकडून. तिच्या जुळणीनेच १९४०च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांच्या मोटारधंद्याचा पाया पडला. पुढे महिंद्रांनी ‘रॉक्सॉर’ नावाचे वाहन अमेरिकेत विकायला काढले तेव्हा जीप या नाममुद्रेच्या मालकांनी २०१८ साली तेथील आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे तक्रार केली. २०२० साली आयोगाने मूळ रॉक्सॉरचे रूप जीपच्या रूपावर अतिक्रमण करणारे ठरवले, आणि महिंद्रांना चेहरा बदलून नवे रूप मान्य करून घ्यावे लागले. आम्ही हे उणे दाखवण्यासाठी सांगत नाही. शिकणारा हात आधी ओळखीचा चेहरा काढतो, मग तो हात लोहाराचा असो वा महामंडळाएवढ्या कंपनीचा. फक्त एका ठिकाणी त्याला परंपरा म्हणतात, दुसऱ्या ठिकाणी नक्कल. महिंद्रांनी लोहारांवर दावा लावला नाही, बोलेरो दिली, हे त्यांच्या दिलदारपणाचे लक्षण मानू.

तिसरा आक्षेप आम्हाला खाजगीत ऐकवला गेला. लोकांचे भले झाले, तुम्हाला पोटदुखी का? याला उत्तर असे की भले झाले याचा आनंदच आहे. परंतु ती गाडी ‘घरची लक्ष्मी’ म्हणून द्यायला कुटुंब सुरुवातीला तयार नव्हते, अशा बातम्या त्या वेळी आल्या होत्या. त्या दोन शब्दांत जे मूल्य होते त्याचे बोलेरोच्या किमतीत रूपांतर झाले. रूपांतर तोट्याचे नसेल. पण ते झाले, एवढे तरी समीक्षकाने नोंदवायचे की नाही?

हा प्रदेश लोखंडाला नवा नाही. १९४९ पूर्वी सातारा आणि सांगली हे भेद नव्हते. जुन्या सातारा जिल्ह्यातून दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली पडले. देवराष्ट्रे सागरेश्वराच्या डोंगराच्या एका अंगाला आहे, आणि त्याच डोंगराच्या दुसऱ्या अंगाला, कुंडलजवळ, १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर आपला कारखाना मांडला. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते असे शेतकरी म्हणत, तेव्हाची ही गोष्ट. त्या नांगराला तेव्हा कोणी जुगाड म्हटले नाही याचे एक कारण असे की किर्लोस्करांना शब्दांचे मोल ठाऊक होते. १९२० साली त्याच माळावरून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागली, आणि नांगराच्या जाहिरातीपासून निघालेले ते पत्र शंकरराव किर्लोस्करांच्या हाती मराठीतले एक थोर मासिक झाले. ओतशाळा आणि छापखाना एका कुंपणात नांदू शकतात याचा पुरावा आमच्या वाङ्मयेतिहासातच पडलेला आहे. आम्ही मासिकाचा भाग शिकवतो आणि ओतशाळेचा गाळतो.

साताऱ्यात १९७५ साली राज्याचे महामंडळ आणि बजाज यांच्या भागीदारीतून महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी उभी राहिली आणि ‘प्रिया’ स्कूटर तेथे बनू लागली. तिच्यासाठी लोक वर्षानुवर्षे नाव नोंदवून वाट पाहत. पुढे स्कूटरचे दिवस सरले आणि तेथे दुसऱ्यांच्या कारखान्यांना लागणारे साचे, जिग, फिक्श्चर बनू लागले. साचा म्हणजे काय, तर हजार वस्तू एकसारख्या निघाव्यात यासाठी एकदाच फार काळजीने घडवलेली वस्तू. साचा बनवणारा कामगार स्वतः मात्र दर वेळी एकुलती एक वस्तूच बनवीत असतो. साताऱ्या-सांगलीची मुले पिढ्यान्‌पिढ्या पुण्या-पिंपरीच्या कारखान्यांत जाऊन हेच करत आली. साच्याबाहेरची गाडी ही धन्याची चैन, आणि ती परवडते साच्यातल्या हजारो गाड्यांवर. त्या साच्यामागच्या हातांपैकी एखादा हात गावी बसून स्वतःसाठी साच्याबाहेरचे काही घडवतो तेव्हा आम्ही चकित होतो. आमच्या चकित होण्याचेच खरे तर नवल वाटायला हवे.

शेजारच्या इचलकरंजीचे उदाहरण तर अधिक बोलके. शंकरराव कुलकर्णी नावाच्या गृहस्थांनी १९४०च्या दशकापासून सत्तरच्या दशकापर्यंत ‘मीरा’ नावाच्या छोट्या मोटारीचे एकामागून एक नमुने घडवले. सामान्य माणसाची मोटार हे स्वप्न त्यांनी नॅनोच्या अर्धशतक आधी पाहिले होते. ती गाडी उत्पादनापर्यंत पोहोचली नाही. मराठीत अपयशी राजकारण्यांची चरित्रे उदंड आहेत, या माणसाच्या पंचवीस-तीस वर्षांच्या ध्यासावर कादंबरी निघू नये?

लोहारांची गाडी चेन्नईजवळच्या महिंद्रा संशोधन संकुलाच्या संग्रहासाठी नेण्यात आली. तेथल्या अभियंत्यांना तिच्यापासून स्फूर्ती मिळावी असा हेतू सांगितला गेला. हेतू चांगलाच. मात्र सांगलीच्या विश्रामबागेत वालचंद हिराचंद यांच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, ज्या वालचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढून देशी मोटारधंद्याची मुहूर्तमेढ रोवणाऱ्यांत नाव मिळवले. त्या महाविद्यालयाच्या आवारात ही गाडी उभी राहिली असती, तर कडेगावच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतला पोरगा एस.टी.ने येऊन तिच्याखाली वाकून पाहू शकला असता. स्फूर्तीची गरज चेन्नईच्या पगारदार अभियंत्याला अधिक की त्या पोराला, हा प्रश्न कोणी विचारला नाही. विचारायला हवा होता तो सांगलीकरांनी. सांगलीकर तेव्हा छायाचित्रे पुढे पाठवीत होते.

ती गाडी आता परत मागावी असे आम्ही म्हणत नाही. व्यवहार दोन्ही बाजूंनी राजीखुशीने झाला आहे. आम्ही मागतो ते आमच्याच लोकांकडून, आणि ते फार महाग नाही. देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. मराठीचे विद्यार्थी ‘कृष्णाकाठ’ वाचून तेथे सहलीला जातात, जन्मस्थान पाहतात, वहीत टिपणे घेतात. शिवाजी विद्यापीठाच्या परिक्षेत्रातील एखाद्या मराठी विभागाने त्याच सहलीत अर्धा दिवस वाढवावा. लोहारांची हरकत नसेल तर त्यांच्यासमोर बसावे आणि त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे: कोणता भाग कोठून मिळवला, कोणता बसला नाही, आधी काय चुकले, सांगाडा किती वेळा उसवला, कोणत्या हत्याराला ते काय म्हणतात, वितळजोडाच्या रेषेला कोणता शब्द वापरतात, वाकलेल्या पत्र्याला कोणता. यातले निम्मे शब्द आमच्या कोशांत सापडणार नाहीत. ते उतरवून झाल्यावर बातमीतले ‘जुगाड’ खोडून तेथे काय लिहायचे हे विद्यार्थ्यांना विचारावे, आणि उत्तरांना गुण द्यावेत.